तीन महिने पगार नाही, आणि मालक म्हणतात डायरेक्टर हो

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहते. यंत्रमाग कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, पंचवीस-तीस जणांच्या स्टार्टअपमध्ये चार वर्षं पाच महिने नोकरी झाली. पगार ४२,०००, त्यात बेसिक २१,०००. तीन महिन्यांचा पगार थकलाय, पीएफ सात महिन्यांपासून भरलेला नाही. संस्थापक म्हणतात, "फंडिंग येतंय, थांब. थकलेल्या पगाराच्या बदल्यात शेअर घे, डायरेक्टर हो." नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. पाच वर्षं भरवून ग्रॅच्युइटी (दीर्घ नोकरीबद्दल निघताना मिळणारी रक्कम) घेऊनच निघावं का?

उत्तर: ताई, ग्रॅच्युइटीसाठी अडकून राहू नका. महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा बेसिक मिळतो: २१,००० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे वर्षाला सुमारे १२,११५. पाच वर्षांचे ६०,५७७ रुपये. त्यासाठी अजून सात महिने काढायचे, आणि हेच रडगाणं चाललं तर तेवढ्यात आणखी २,९४,००० थकतील. शिवाय ग्रॅच्युइटी यायची तीही त्याच रिकाम्या खात्यातून.

माझा हिशेब सरळ आहे: सलग दुसरा पगार चुकला आणि पीएफही थांबला, की नवी नोकरी शोधायला लागायचं. कंपनी उद्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात (मालमत्ता विकून देणी वाटायच्या टप्प्यात) गेलीच, तर कामगार वर्गात न मोडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या फक्त शेवटच्या १२ महिन्यांच्या थकबाकीला वाटपात वरची जागा मिळते. तीही तारण घेऊन बसलेल्या बँकेच्या खाली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून शेवटचा ताळेबंद कधीचा आणि कर्जाचा बोजा किती, हे बघून घ्या. दोन वर्षं ताळेबंदच दाखल नसेल तर फंडिंगच्या गप्पांना फार किंमत देऊ नका.

डायरेक्टर होण्याच्या कागदावर सही अजिबात करू नका. पुढच्या पीएफच्या आणि टीडीएसच्या थकबाकीच्या नोटिसा तुमच्याही नावाने निघू शकतात. पगाराचा दावा लावलात तर "या तर व्यवस्थापनातल्याच" असा बचाव त्यांना आयता मिळेल. आणि शेअर म्हणजे पगार नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार वेतन रोख, चेकने किंवा बँक खात्यातच द्यावं लागतं, तेही पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत.

राजीनाम्याआधी कागद गोळा करा, कारण बहुतेक ठिकाणी राजीनामा दिला त्याच रात्री ऑफिसचा मेल बंद होतो. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट, पीएफ पासबुक, फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि "पुढच्या आठवड्यात नक्की देतो" असे व्हॉट्सॲपवरचे मेसेज. थकबाकीची कबुली म्हणून हे मेसेज फार कामाला येतात. ग्राहकांचा डेटा किंवा सोर्स कोड मात्र घेऊ नका, नाहीतर उलट तुमच्यावरच केस व्हायची.

राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" लिहू नका. असं लिहा: "अमुक तीन महिन्यांचं एकूण १,२६,००० रुपये वेतन न मिळाल्याने राजीनामा देत आहे. माझ्या येण्यांवरील हक्क मी सोडलेला नाही. नोटीस पिरियड १५ दिवसांवर आणावा." मेलने पाठवा आणि रजिस्टर्ड पोस्टानेही. न सांगता जाणं बंद केलंत तर "फरार" असा शिक्का मारायला ते मोकळे. नोटिशीचे पैसे मागितलेच, तर पगाराचा करार आधी त्यांनीच मोडलाय हे लेखी कळवा. पैसे खात्यात आल्याशिवाय "काही येणं बाकी नाही" अशा फुल अँड फायनलवर, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदावर, सही नको.

राजीनाम्यानंतर येणं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. न दिल्यास सोलापुरातल्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. मुदत तीन वर्षांची, आणि थकबाकीखेरीज दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

पीएफची तक्रार वेगळी, भविष्य निर्वाह निधीच्या तक्रार पोर्टलवर. सातपैकी चार महिने तुमचा पगार पीएफ कापून झालाय. कापलेली ती रक्कम न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. तक्रारीत त्या चार महिन्यांची पगारपत्रकं आणि पासबुकातल्या रिकाम्या नोंदी शेजारी शेजारी जोडा.

आणि घाईघाईने पोर्टलवर स्वतःच नोकरी सोडल्याची तारीख टाकू नका. पोर्टल शेवटची वर्गणी ज्या महिन्याची जमा आहे, त्याच महिन्यातली तारीख घेतं. म्हणजे थकलेले सातही महिने तुम्ही नोकरीत नव्हताच, असा पुरावा तुमच्याच हाताने तयार व्हायचा. आधी थकबाकीची तक्रार नोंदवा, मग तारखेचं बघू.