गावी कॅम्प घ्यायचाय? आधी आशाताईंना फोन लावा

प्रश्न : ताई, आमचं संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावाचं मुंबई मंडळ आहे, मीटिंग लालबागला असते. मे महिन्यात सगळे गावी जमणार तेव्हा मोफत आरोग्य शिबिर घ्यायचं चाललंय, मुंबईचे 2 डॉक्टर न्यायचे, बीपी-शुगर चेक, गोळ्या वाटप. काहीजण म्हणतात त्यापेक्षा मंडळाची अ‍ॅम्ब्युलन्स घेऊ. तुम्हाला काय वाटतं?
— एक सेक्रेटरी, लालबाग

उत्तर : दादा, शिबिर नकोच असं नाही म्हणणार, पण बॅनर छापायच्या आधी गावातल्या आशाताईंना, म्हणजे सरकारी आरोग्य खात्यासाठी घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीला, फोन लावा. समजा कॅम्पात एखाद्या आजोबांचं बीपी 170 निघालं, 5 दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तुम्ही आंब्याच्या पेट्या घेऊन परत मुंबईला, मग सहाव्या दिवशी आजोबांनी काय करायचं? बीपीची गोळी रोजची असते हो. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, 30 वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे आणि त्यासाठी घरोघरची माहिती आशाताईच भरतात. तेव्हा सरकारी आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरना विचारून तारीख ठरवा, कॅम्प तिथेच घ्या आणि ज्यांचं काही निघेल त्यांची यादी त्यांच्याच रजिस्टरला जाऊ दे, मंडळाच्या फाईलीत पडून ती कुणाच्या कामाची?

आणि गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, नाव वाचतानाच दम लागतो, पण तिला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो आणि बऱ्याच मुंबईकरांना ती आहे हेच ठाऊक नसतं. तिच्या बैठकीला जाऊन बसा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं 1970 मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गावोगावी आरोग्याचं काम करायला गेलं तेव्हा दुष्काळ होता, लोकांना डॉक्टरच्या आधी पाणी आणि अन्न हवं होतं, तर त्यांनी सुरुवात तिथूनच केली. पुढे गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या, त्यातल्या कितीतरी अक्षरओळख नसलेल्या, त्या बाळंतपण, लसीकरण सगळं शिकल्या आणि शेतकऱ्यांची तरुण मंडळंही कामाला लागली. तुमच्या गावी पण कदाचित गोळ्यांपेक्षा पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) कोण टाकतंय हा प्रश्न मोठा निघेल.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या भानगडीत पडू नका. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, इन्शुरन्स, रात्री 2 वाजता फोन कोण उचलणार यावरून मंडळं फुटतात. 108 आहे, गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी 102 आहे. घोडं अडतं ते वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत. तेवढ्यासाठी गावातल्या 2-3 रिक्षा-सुमोवाल्यांशी बोलून ठेवा, भाडं मंडळ देईल म्हणावं, आणि त्यांचे नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

खरं तर तुमचा उपयोग गावापेक्षा इथे मुंबईत जास्त आहे. गावचा पेशंट केईएमला किंवा टाटाला पाठवला की सोबतचा माणूस पार गांगरतो, केसपेपरची लाईन कुठे, रिपोर्ट कधी, राहायचं कुठे, त्यात मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड मागितलं की ते नेमकं गावी राहिलेलं. परळ तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मंडळातली 2 पोरं नेमा, त्यांचे नंबर आशाताईंकडे द्या, निघतानाच कागद काय घ्यायचे ते फोनवर सांगू देत. कॅन्सरच्या पेशंटसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे सोयीचं काय होतं ते आत्ताच जाऊन विचारून ठेवा, पेशंट एसटीत बसल्यावर नको.