‘लिंबाचे लोणचे’ की ‘खारवलेले लिंबू’?

मोरोक्कोच्या पाककृती मराठीत आणू पाहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, कोंबडी आणि ऑलिव्ह घालून शिजवलेल्या ताजीनमध्ये, म्हणजे तिकडच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजणाऱ्या रश्शात, जे मिठात टिकवलेले लिंबू पडते, त्याला मराठीत काय म्हणावे. ‘जतन केलेले लिंबू’ त्यांच्या कानाला खटकते, आणि ‘लिंबाचे लोणचे’ लिहावे तर वाचक घरातली बरणी उघडून हिंग-मोहरी लावलेल्या फोडी रश्शात टाकेल, अशी त्यांना धास्ती वाटते.

धास्ती रास्त आहे, मात्र ‘लोणचे’ हा शब्द व्युत्पत्तीने मुळीच चुकीचा नाही. ‘लवण’चे प्राकृतात ‘लोण’ झाले आणि त्यावरून ‘लोणचे’ आले. ‘अळणी’ हा शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे मुळात लोणचे म्हणजे मिठातले ते, आणि मसाला व तेल यांचा त्या नावाशी संबंध नाही. उपासाला चालणारे लिंबाचे लोणचे आजही बिनतेलाचेच असते. अडचण अर्थाची नसून पदार्थाच्या जागेची आहे. मराठी घरात लोणचे ताटाच्या डाव्या बाजूला वाढले जाते, जेवताना बोटाने चाखले जाते, फार तर दहीभातात कालवले जाते. ते फोडणीत किंवा रश्शात घालायचा जिन्नस म्हणून कोणी हाताशी घेत नाही. मोरोक्कोत नेमके उलटे आहे. तिथे हे लिंबू भांड्यात जाते, आणि तेही बहुधा शेवटी, कोंबडी शिजत आल्यावर, म्हणजे सालीचा वास टिकून राहतो.

‘जतन केलेले’ मात्र सरळ बाद करावे. आपण जतन करतो ती हस्तलिखिते, किल्ले आणि आठवणी. ‘संरक्षित’ वनाला शोभते. ‘परिरक्षित’ ही परिभाषेतली संज्ञा निर्दोष असली, तरी ती पाठ्यपुस्तकात राहावी. कोणतीही गृहिणी ‘परिरक्षित लिंबू धुऊन घ्या’ असे म्हणणार नाही. ‘मुरवलेले लिंबू’ ऐकायला गोड आहे आणि तिथेच त्याचा दोष आहे, कारण लिंबू साखरेतही मुरते. फ्रेंचमध्ये याच लिंबाला ‘सित्रों काँफी’ म्हणतात आणि ‘काँफी’ हा शब्द साखरेच्या पाकातल्या फळांनाही लागतो, त्यामुळे फ्रेंचवरून भाषांतर करणाऱ्याने विशेष जपावे.

राहतो तो ‘खारवणे’ हा धातू, आणि माझे मत त्याच्याच बाजूने आहे. खारवलेले मासे, खारातल्या मिरच्या, खारातल्या कैऱ्या हे प्रयोग कोकणात रोजचे आहेत, आणि त्या सगळ्यांत मीठ हेच मुख्य. शिवाय बरणीत सुटलेल्या द्रवाला आपण ‘लोणच्याचा खार’ म्हणतोच, त्यामुळे लिंबाबरोबर जे आंबट-खारट, दाटसर पाणी मिळते त्यालाही शब्द आयता सापडतो. फक्त ‘खारट लिंबू’ लिहू नये. मराठीत ‘खारे’ म्हणजे मुद्दाम मीठ लावलेले, जसे खारे शेंगदाणे, आणि ‘खारट’ म्हणजे बहुधा मीठ जास्त झालेले. पहिले वर्णन आहे, दुसरी तक्रार.

कृतीकडे पाहिले तर हा शब्द किती चपखल बसतो ते कळते. लिंबाला भरल्या वांग्याला देतो तशा, देठाशी न तुटणाऱ्या चार चिरा देतात, त्यांत मीठ ठासतात, लिंबे बरणीत दाबून बसवतात आणि वर लिंबाचाच रस इतका ओततात की एकही लिंबू उघडे राहत नाही. साधारण महिनाभरात साल मऊ व अर्धपारदर्शक होते, कडवटपणा उतरतो आणि गर जवळजवळ विरघळतो. ही रीत जुनी आहे: सुलतान सलादिनचा वैद्य इब्न जुमै याने 12व्या शतकात इजिप्तमध्ये लिंबावर जो ग्रंथ लिहिला, त्यात लिंबे मिठात टिकवण्याची कृती आहे. मोरोक्कोच्या बोलीत याला ‘हामद मरक्कद’ म्हणतात. ‘हामद’ म्हणजे आंबट, म्हणजेच लिंबू, आणि ‘मरक्कद’ म्हणजे शब्दशः निजवलेले. ‘निजवलेले लिंबू’ लिहिण्याचा मोह मलाही झाला, पण पाककृतीत कवितेपेक्षा सूचना महत्त्वाची.

एक सूचना तर शब्दाबरोबरच द्यायला हवी. या पदार्थात खायची असते ती साल. गर बहुतेक वेळा काढून टाकतात. आपले कागदी लिंबू नावाप्रमाणे पातळ सालीचे, तर तिकडचे पिवळे लिंबू त्याहून जाड सालीचे. सालीपुरते पाहिले तर आपले ईडलिंबू त्याला जवळचे. म्हणून साहित्याच्या यादीत नुसते ‘लिंबू 1’ असे न लिहिता ‘खारवलेले लिंबू 1, धुऊन, गर काढून, साल पातळ उभी चिरलेली’ असे लिहावे, आणि रश्शात मीठ चव पाहूनच घालावे, असेही जोडावे. ज्यांना हे लिंबू मिळणार नाही त्यांच्यासाठी तळटीप द्यायची असेल, तर तिथे ‘लोणचे’ शब्द खुशाल वापरावा, पण ‘बिनतेलाचे, तिखट-मसाला व साखर न घातलेले’ हे विशेषण त्याच्या आधी लावून.