चौथ्या फेरीत ब्रेक मऊ का पडतो? ट्रॅक-डेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर माझी सेदान पहिल्यांदाच उतरवली. चौथ्या फेरीत ब्रेकचं पेडल मऊ पडलं, जवळजवळ तळाला टेकलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ब्रेक उत्तम आहेत. मग झालं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तेही खरं बोलतात आणि तुमचा अनुभवही खरा आहे. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं.

दीड टनाची गाडी ताशी २०० वरून ८० वर आणताना जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात पाच लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. तेही एकदाच ब्रेक दाबल्यावर! कारीचा ट्रॅक लहान, तिथं वेग एवढा चढत नाही. पण वळणं एकामागून एक येतात आणि डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला, गार व्हायला उसंतच मिळत नाही. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. ओलावा धरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, त्यामुळे वर्कशॉपमध्ये काहीच सापडत नाही.

पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर दोष डिस्कला आवळणाऱ्या पॅडचा; ते तापून घसरू लागलेले असतात. हा फरक पायाला कळायला हवा.

पुढच्या वेळी निघण्यापूर्वी तेल बदला : डॉट ४ किंवा ५.१. नुसतं ‘५’ लिहिलेलं सिलिकॉनचं तेल मात्र यात मिसळू नका. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक हवेत. तीन फेऱ्या जोरात मारल्या की एक फेरी ब्रेकला जवळपास हात न लावता काढा. आणि ब्रेक घाबरत, लांबून, हळूहळू दाबू नका. सरळ रेषेत जोरात दाबा आणि सोडा. नवशिक्यांचे ब्रेक अनेकदा वेगापेक्षा या लांबलेल्या दाबण्यानेच जास्त तापतात. पिटमध्ये परतल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा.

प्रश्न : चेन्नईच्या ट्रॅकवर स्वतःची हॅचबॅक नेतोय. विमा सर्वसमावेशक आहे, तो पुरेल ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. गाडी भिंतीला लागली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून. हे घरच्यांना आधी सांगा आणि त्या हिशेबानेच चालवा.

प्रश्न : दुबईत राहतो. पन्नाशीनिमित्त मुलांनी अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर एक सेशन भेट द्यायचं ठरवलंय. सुपरकार घेऊ की एकासनी रेसिंग कार? (एक वाचक)

उत्तर : शिकायचं असेल तर एकासनी, माझ्या मनात शंका नाही. आधुनिक सुपरकार तुमच्या चुका पोटात घालते. ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आणि चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल गुपचूप सावरून घेतात आणि गाडी आपल्याला छान जमते असं वाटत राहतं. छोट्या एकासनी गाड्यांत बहुधा एबीएसही नसतं आणि पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची ब्रेकला मदतही नसते. पेडलवर लाथ घालावी तसा जोर द्यावा लागतो. स्लिक, म्हणजे खाचा नसलेले, टायर गार असताना घसरतात, म्हणून पहिली फेरी अतिशय सांभाळून. वळणात मध्येच दचकून ॲक्सिलरेटर सोडलात तर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. उपाय डोळ्यांचा आहे : वळणाआधी वेग पुरेसा उतरवा आणि नजर वळणाच्या पलीकडे ठेवा. हात नजरेमागून जातात.

पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर मात्र सुपरकारच घ्या. शेजारी प्रशिक्षक बसतो, हे तिचं मोठं बलस्थान. पहिल्या फेरीतच त्यांना म्हणा, ‘मला वेग नको, ब्रेक कुठं लावायचा ते दाखवा.’

प्रश्न : स्टुटगार्टला नोकरीला आहे. भाड्याची गाडी घेऊन नूर्बर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर एक फेरी मारावी म्हणतो. सोपं आहे का? (एक वाचक)

उत्तर : तिकीट काढणं सोपं आहे. पर्यटकांसाठी खुली असते तेव्हा नॉर्डश्लाइफे, म्हणजे नूर्बर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, हा कायद्याने एकेरी टोलरस्ता असतो. ओव्हरटेक फक्त डावीकडून आणि वेळ मोजायला बंदी. लांबी २०.८ किलोमीटर, वळणं सत्तरच्या वर, कित्येक चढावर पलीकडचं दिसत नाही आणि रेलिंग रस्त्याला खेटून. १९७६ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता चालक निकी लाउडा इथेच अपघातात होरपळला आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या वळणांवर परतली नाही.

साध्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात इथं जायला सहसा मनाई असते. ट्रॅकसाठीच गाड्या भाड्याने देणारे गावातच आहेत, त्यांच्याकडून घ्या. नुकसान झालं तर तुम्हाला किती भरावं लागेल ते सही करण्यापूर्वी वाचा. रेलिंगचं नुकसान आणि क्रेनही वाहनचालकाच्या माथी येते. उजवीकडून चाला, आरशात सतत बघा, मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन तिला जाऊ द्या. पाऊस असेल तर त्या दिवशी कॉफी घेऊन कठड्यापाशी उभे राहा आणि बाकीचे कुठं ब्रेक लावतात ते बघा.