१५ हजारांत शिकाऱ्यांसारखी दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप दोन्ही बसवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, खाडीवरचे रोहित (फ्लेमिंगो) नीट बघायचे आहेत आणि हातात १५ हजार आहेत. परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून १०×४२ ची दुर्बीण (म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) आणि २०-६० झूमचा स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची दुर्बीण), असं दोन्ही घ्यायचा विचार आहे. माझं म्हणणं, स्कोप आत्ता घेऊच नका. सगळे पैसे एका ८×४२ दुर्बिणीत घाला.

ते शिकारी खोटं सांगत नाहीत, पण त्यांचं काम वेगळं आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत ते एका जागी बैठक मारून समोरचा उतार तासन्‌तास न्याहाळतात. हरणाच्या शिंगांना किती फाटे आहेत हे लांबूनच ठरवायचं असतं, नाहीतर अख्खी चढण वाया जाते. तिथे दहा पटीची दुर्बीण लागते, स्कोपही लागतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि तुम्ही बघणार आहात ते ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राच्या बोटीतून, नाहीतर नेरुळला टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला काठावर उभं राहून. बोट सतत डुलते. पक्षी दहा पट मोठा दिसतो तशी हाताची थरथरही दहा पट दिसते. आठ पटीत चित्र बरंच स्थिर राहतं आणि एका नजरेत जास्त खाडी मावते, त्यामुळे उडता थवा सापडतो. स्कोपचा ट्रायपॉड बोटीबरोबरच हलतो, म्हणजे बोटीत त्याचा काहीच उपयोग नाही.

स्वस्त स्कोपचा अनुभव मी स्वतः घेतलाय. काही वर्षांपूर्वी २०-६०×६० चा एक ऑनलाइन मागवला, सोबत टेबलावर ठेवायचा चिमुकला ट्रायपॉड आला होता. वीस पटीला चित्र बरं होतं. साठला नेलं की काळवंडायचं आणि कडा धुरकट व्हायच्या. कारण साधं आहे: भिंगाचा व्यास भागिले पट, तेवढ्या जाडीचा प्रकाश डोळ्यात येतो. ६० भागिले ६० म्हणजे जेमतेम १ मिमी. ८×४२ मध्ये हाच आकडा सव्वापाच मिमी येतो, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडातही ती कामाला येते. शिवाय उन्हं वर आली की तापलेल्या चिखलावरची हवा लहरायला लागते, तेव्हा चांगल्या स्कोपमध्येसुद्धा पक्षी पाण्याखाली असल्यासारखे थरथरतात. स्कोप घ्यायचाच असेल तर पुढे कधीतरी, आणि मजबूत ट्रायपॉडचे पैसे वेगळे धरून.

आता कुठली दुर्बीण. कमी पैशांत पोरो प्रिझमची, म्हणजे जुन्या पद्धतीची, मधे खांदे असलेली, त्याच किमतीच्या सरळ नळीच्या दुर्बिणीपेक्षा सहसा स्वच्छ दाखवते. निकॉनची अक्युलॉन ८×४२ किंवा ऑलिंपसची ८×४० डीपीएस बघा. दोन्ही वजनाला पाऊण किलोच्या आसपास आहेत, तेव्हा रुंद पट्टा लावा, नाहीतर मान भरून येते. या दोन्हींत दोन उणिवा आहेत. चष्मा लावून बघणाऱ्याला पूर्ण गोल दिसत नाही (आय रिलीफ, म्हणजे डोळा मागच्या भिंगापासून जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १२ मिमी आहे, चष्म्याला निदान १५ हवं), आणि त्या जलरोधक नाहीत. चष्मा असेल तर सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्स ८×४२ बघा, ती जलरोधकही आहे. पोरो घेतलीत तर पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

दुकानात घ्या, हाताळून घ्या. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या भिंगात प्रकाशाचे दोन ठिपके दिसतील. ते स्वच्छ गोल हवेत. कडा कापल्यासारखे चौकोनी दिसले तर आतलं प्रिझम हलकं आहे. मग समोरच्या पाटीवर डावा डोळा मधल्या चाकाने जुळवा, उजवा त्याच्याजवळच्या रिंगने. दोन मिनिटं बघून कपाळ ओढल्यासारखं झालं तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, ती दुर्बीण परत द्या. पुढची भिंगं लालभडक चमकत असतील किंवा अंगावर ‘३०×२६०’ असले आकडे असतील तर हातही लावू नका.

आणि स्कोपची उणीव भरून काढणारी फुकटची गोष्ट म्हणजे भरती. ओहोटीला पक्षी दूर चिखलावर पांगतात, तिथे कुठलीही दुर्बीण अपुरीच. पाणी चढायला लागलं की ते पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणतं. कोळी लोकांचा हिशेब पाठ करा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, खाडीत आत थोडी उशिरा. नोव्हेंबर ते मे यातली अशी एक सकाळ निवडा आणि भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचा. नेरुळच्या काठावरून सकाळचं ऊन पाठीमागे असतं, म्हणून रंग खरे दिसतात. पाणी पूर्ण चढलं की रोहित नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावासारख्या आतल्या पाणथळींकडे उडतात, तेव्हा उशीर करू नका.

मागच्या फेब्रुवारीत असाच उभा होतो. आठ पटीतच चोची वेगळ्या कळल्या: लहान रोहितची गडद, जवळजवळ काळपट लाल, आणि मोठ्याची फिकट गुलाबी, फक्त टोकाला काळी. दोघांच्या पायांमधून एक पाणटिवळा लांब चोच डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसत चालला होता. दर वेळी चोच वर आली की तिच्यावरून पाण्याचा थेंब ओघळताना दिसत होता.