पोपचं चुकतंय असं कॅथलिक माणसाने म्हणावं का?

प्रश्न : हसू नका, पण आमच्या घरात सध्या पोपवरून भांडण पेटलंय. माझे दीर गल्फमध्ये असतात, ते फॅमिली ग्रुपवर रोज कुठल्या कुठल्या अमेरिकन यूट्यूबवाल्यांचे व्हिडिओ टाकतात, की पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेची (म्हणजे चर्चची) वाट लावली, पर्यावरण आणि निर्वासित सोडून दुसरं काही बोललेच नाहीत, आणि आता नवे पोप लिओ पण त्याच लाइनवर, बर्फाच्या तुकड्याला आशीर्वाद देत बसतात. सासरे मूळचे नगरकडचे, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाल्याशिवाय जेवायला बसत नाहीत, ते म्हणाले पोपमहाशयांविषयी असलं बोलणं पाप आहे, आणि सरळ ग्रुपच सोडला. बरं भाऊजी काही धर्म सोडलेले नाहीत, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकवत नाहीत, उपवासकाळ तर आमच्यापेक्षा कडक पाळतात. मग बरोबर कोण? पोपला विरोध करणं पाप आहे का?
– एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : आधी सासऱ्यांना परत ग्रुपवर घ्या. पाप वगैरे काही नाही. पोपशी न पटणं कॅथलिक धर्मात बसतं आणि ते अगदी बायबलपासून चालत आलंय. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. पेत्र म्हणजे परंपरेप्रमाणे पहिले पोप, अंत्युखियात ते यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर पंगतीला बसायचे, पण यरुशलेमहून कडक मंडळी आली तसे हळूच मागे सरकले, आणि पौलाने त्यांना सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. दोघंही संत झाले, कुणी कुणाला ब्लॉक केलं नाही.

पोप कधी चुकूच शकत नाहीत हा जो समज आहे (खरं तर कॅथलिकांपेक्षा बाहेरच्यांनाच तो जास्त असतो) तो १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या बिशपांच्या बैठकीच्या) ठरावावरून आलाय. पण त्या ठरावात अटी आहेत ना. पोपने आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने, श्रद्धेच्या किंवा नीतीच्या विषयावर, सगळ्या ख्रिस्तसभेला बंधनकारक म्हणून जाहीर केलं तरच ते लागू. तो ठराव झाल्यापासून हे एकदाच घडलंय, १९५० मध्ये, मरिया देहासकट स्वर्गात नेली गेली ही शिकवण पोप बाराव्या पायसनी जाहीर केली तेव्हा. विमानात पत्रकारांशी मारलेल्या गप्पा, दर महिन्याचा प्रार्थनेचा व्हिडिओ, बर्फावर ठेवलेला हात, यातलं काहीही त्यात येत नाही. एन्सायक्लिकल, म्हणजे पोपनी जगभरच्या ख्रिस्तसभेला लिहिलेलं पत्र, त्याचं वजन मोठं, ते मन लावून आणि आदराने घ्यायचं असतं, पण तेही दर वेळी त्या १८७० च्या पायरीवरचं नसतं.

आणि चर्चच्या कायद्यातच, कॅननच्या २१२ व्या कलमात लिहिलंय की ख्रिस्तसभेच्या भल्याचं असेल ते आपल्या धर्मगुरूंना सांगायचा भाविकांना हक्क आहे, कधीकधी तर ते कर्तव्यच आहे, फक्त आदर राखून. आता थंबनेलवर पोपचा फोटो लाल करून त्यावर 'पर्दाफाश' लिहिणं यात बसतं का, ते भाऊजींनाच विचारा.

पण भाऊजींची बाजू सगळीच उडवून लावण्यासारखी नाहीये. कन्झर्व्हेटिव्ह मंडळींची एक तक्रार मला रास्त वाटते, ती म्हणजे मोघमपणा. २०१६ मध्ये फ्रान्सिस यांचं कुटुंबावरचं 'अमोरिस लेतित्सिया' हे लिखाण आलं. घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न केलेल्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येईल का हा त्यातला सगळ्यात नाजूक प्रश्न, आणि त्याचं जे काही उत्तर होतं ते ३५१ नंबरच्या तळटीपेत! त्यावर चार कार्डिनलनी, म्हणजे पोपच्या खालोखालच्या ज्येष्ठ धर्मगुरूंनी (बर्क, ब्रँडम्युलर, काफारा आणि माइसनर) पाच प्रश्न लेखी पाठवले, हो की नाही एवढंच सांगा म्हणाले. उत्तर आलंच नाही, त्यातले दोघं २०१७ मध्ये वारले सुद्धा. माणूस सभ्यपणे विचारतोय तर सभ्यपणे उत्तर द्यावं, मग तुम्ही पोप असा नाहीतर सोसायटीचे चेअरमन.

तसंच डिसेंबर २०२३ चं. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येईल, पण ते लग्न समजू नये, असा कागद रोमहून निघाला, मग एवढा गोंधळ उडाला की पंधरा-वीस दिवसांत खुलासा काढून सांगावं लागलं की हा आशीर्वाद म्हणजे दहा-पंधरा सेकंदांची गोष्ट. आफ्रिकेतले बिशप म्हणाले आमच्याकडे हे चालणार नाही, आणि रोमने ते मान्यही केलं. म्हणजे बघा, विरोध करणारे तिकडे उघड उघड बिशपच होते आणि त्यांना कुणी धर्माबाहेर काढलं नाही. ज्यांना काढलं ते आर्चबिशप विगानो, २०२४ मध्ये, कारण ते पोपवर टीका करून थांबले नाहीत, फ्रान्सिस पोपच नाहीत असं म्हणायला लागले. रेघ ओढायचीच तर ती साधारण इथे आहे.

आता दुसरी तक्रार, की पोपने आत्म्याचं बोलावं, गरिबांचं आणि हवामानाचं कशाला. ही मला अजिबात पटत नाही. तुम्ही वडगाव शेरीला राहता म्हणजे रामवाडीवरून रोज जात असाल, तिथलं नगर रोडचं पेपल सेमिनरी, धर्मगुरू घडवणारं विद्यालय, बघितलंच असेल. ते काढलं पोप तेराव्या लिओंनी, १८९३ मध्ये, तेव्हा श्रीलंकेत कँडीला, मग १९५५ मध्ये ते पुण्याला आलं. भारतातले धर्मगुरू भारतातलेच असावेत हा त्यामागचा विचार. याच तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' हे पत्र लिहिलं, कामगाराला पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, त्याला संघटना करायचा हक्क आहे, आणि त्याच दमात समाजवाद चुकीचा, खासगी मालमत्ता बरोबर असंही ठणकावलं. पुढच्याच वर्षी त्यांनी फ्रान्समधल्या कॅथलिकांना सांगितलं की राजा परत आणायचा नाद सोडा, प्रजासत्ताक मान्य करा, तर तिथले राजेशाहीवाले भाविक इतके चिडले की विचारू नका, पोपने राजकारणात बोलू नये म्हणे! आत्ताच्या पोपनी मे २०२५ मध्ये लिओ हे नाव घेतलं तेव्हा कारण म्हणून याच तेराव्या लिओंचा आणि त्या पत्राचा दाखला दिला होता.

मधल्या काळातलं पण एक सांगते. १९६१ मध्ये तेविसाव्या जॉननी 'मातेर एत माजिस्त्रा' लिहिलं, म्हणजे ख्रिस्तसभा आई आणि शिक्षिका, तर अमेरिकेतल्या एका कन्झर्व्हेटिव्ह नियतकालिकात चेष्टा छापून आली की आई चालेल, शिक्षिका नको. सात वर्षांनी सहाव्या पॉलनी गर्भनिरोधक साधनांना नाही म्हटलं तेव्हा नेमकं उलट झालं, तेव्हा उदारमतवादी बंड करून उठले आणि कन्झर्व्हेटिव्ह म्हणाले पोपचा शब्द म्हणजे शब्द. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं बघा. विरोध करा, खुशाल करा, पण आपल्याला आवडणारा पोप बोलतो तेव्हा जी पट्टी लावता तीच न आवडणाऱ्यालाही लावा. भाऊजींना विचारा की दुसऱ्या जॉन पॉल यांच्या काळात कुणी असे व्हिडिओ टाकले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?

म्हणजे टाकायचेच खरं तर, फक्त तेव्हा व्हिडिओ नव्हते, फोटो होते. १९८६ च्या फेब्रुवारीत दुसरे जॉन पॉल भारतात आले होते, पुण्यालाही येऊन गेले. त्या दौऱ्यात एका बाईने त्यांच्या कपाळाला टिळा लावला, तो फोटो युरोपातल्या परंपरावाद्यांनी वर्षानुवर्षं फिरवला की हे बघा, पोपने शिवाचं चिन्ह लावून घेतलं. आता पाहुण्याला दारात ओवाळून टिळा लावतात हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं का? पण या परंपरावाद्यांचे पुढारी आर्चबिशप लेफेव्ह्र यांच्यासारख्या माणसालाही ते भयंकर वाटलं. आणि मग त्याच वर्षी असिसीला सगळ्या धर्माच्या लोकांना प्रार्थनेला बोलावलं म्हणून आणखी वादळ. दोन वर्षांनी लेफेव्ह्र यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार बिशप नेमले आणि रोमने त्यांना बहिष्कृत केलं. भाऊजींचे व्हिडिओवाले सांगतात तशी ही फ्रान्सिसपासून सुरू झालेली गोष्ट नाही.

बर्फाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ मधला कार्यक्रम तो, फ्रान्सिस यांच्या पर्यावरणावरच्या 'लाउदातो सी'ला दहा वर्षं झाली म्हणून, ग्रीनलंडहून आणलेला बर्फ ठेवला होता. मला विचाराल तर जरा नाटकीच होतं. पण नाटकी असणं आणि धर्मबाह्य असणं यात फरक आहे हो.

प्रश्न : मी ब्राह्मण घरातला, आमच्याकडे सगळी पूजा संस्कृतमधून, अर्थ कळतोच असं नाही पण ऐकायला बरं वाटतं. मग कॅथलिकांमधल्या ज्यांना जुनी लॅटिन मिस्सा हवी आहे त्यांना पोपने का अडवावं? यात कुणाचं काय बिघडतं?
– कोथरूड

उत्तर : तुमच्या प्रश्नात त्यांचं अर्धं म्हणणं आलंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतरच्या काही वर्षांत मिस्सेचा विधी बदलला, लोकांच्या भाषा आल्या, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले. जुना विधी हवा असणाऱ्यांना फ्रान्सिस यांच्या आधीचे पोप सोळाव्या बेनेडिक्टनी २००७ मध्ये मोकळीक दिली, फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा आवळली. त्यांचं कारण असं की जुन्या मिस्सेच्या नावाखाली परिषदच नाकारणारा गट तयार होतोय. असेल काही ठिकाणी. पण त्यात शांतपणे गुडघे टेकून प्रार्थना करणारी साधी माणसं पण भरडली गेली आणि हे मला कडक वाटलं, बापाने एका पोराच्या खोडीसाठी सगळ्यांचा खेळ बंद करावा तसं. लिओ यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्डिनल बर्कना सेंट पीटर्समध्ये जुनी मिस्सा करू दिली, नियम मात्र अजून तेच आहेत.

पुण्यात हा वाद फारसा ऐकू येत नाही. इथे लोकांना पडलेलं असतं ते इंग्रजी मिस्सा किती वाजता, मराठी किती वाजता, आणि मराठीची वेळ नेहमी गैरसोयीचीच का. माझ्या मते हा प्रश्न लॅटिनपेक्षा मोठा आहे पण त्यावर कुणी व्हिडिओ करत नाही.

प्रश्न : नवे पोप नक्की कोणाचे? कन्झर्व्हेटिव्ह लोकांना आधी आनंद झाला होता, आता तेच नाराज. आणि मरियेला सहतारक म्हणायला बंदी केली हे खरं का? आम्ही नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करतो, ती चालेल ना?
– कॅम्प

उत्तर : आनंद झाला तो कपड्यांवरून. निवडून आल्यावर बाल्कनीत लिओ लाल मोझेटा (खांद्यांवरची पारंपरिक आखूड झूल) घालून आले, फ्रान्सिस यांनी तो घातला नव्हता, लगेच लोकांनी ठरवलं की हे आपले. मग सप्टेंबरात ते म्हणाले की गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा असं असेल तर तो माणूस खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नाही, लगेच तीच मंडळी नाराज. नंतर गरिबांवरचं 'दिलेक्सी ते' हे लिखाण आलं, त्याचं काम फ्रान्सिस यांनीच सुरू केलं होतं. अमेरिकन पार्टीच्या खणांत घालायला गेलात तर हे पोप कुठल्याच खणात बसत नाहीत, गर्भपाताबद्दलही ते जुनंच बोलतात.

मरियेचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाची टिपणी निघाली, तिला पोपची मंजुरी आहे. सहतारक ही पदवी वापरणं योग्य नाही, कारण तारणारा एकच, ख्रिस्त, असं त्यात आहे. पारंपरिक मंडळी दुखावली, आणि मला त्यांचं दुखणं कळतं, कारण आधीच्या काही पोपनीही ही पदवी वापरली होती. पण भक्तीवर बंदी नाहीये. नोव्हेना, रोझरी, ८ सप्टेंबरची यात्रा, सगळं आहे तसंच. टिपणीत मरियेला आई म्हणायला उलट प्रोत्साहनच दिलंय. तुमच्या नोव्हेनाच्या पुस्तकात तो शब्द कुठे छापलेला असला तर फादरना एकदा दाखवा, नाहीतर काही करायची गरज नाही.