शेन्झेन : भरभराटीचे शहर, रिकामे मजले

प्रश्न : शेन्झेनच्या वाढीत जमिनीचा वाटा किती होता?

उत्तर : फार मोठा. १९८० मध्ये हाँगकाँगच्या सीमेलगतचा दक्षिण चीनमधील हा भाग विशेष आर्थिक क्षेत्र झाला, तेव्हा रस्ते आणि वीज उभारण्यासाठी भांडवल हवे होते. परंतु जमीन सरकारी, आणि ती हस्तांतरित करण्यास राज्यघटनेची मनाई. तरीही १ डिसेंबर १९८७ रोजी शहराने ८,५८८ चौरस मीटरच्या एका भूखंडाचा ५० वर्षांचा वापरहक्क जाहीर लिलावात काढला. बोली ५२ लाख ५० हजार युआनवर थांबली. घटनादुरुस्ती त्यानंतर, एप्रिल १९८८ मध्ये झाली. व्यवहार आधी आणि कायदा मागाहून, हा क्रम मला या शहराची खरी ओळख वाटतो.

प्रश्न : तेथे ऑफिस विकत घेतल्यास मालकी कायमची मिळते का?

उत्तर : नाही. गाळा तुमचा, पण खालची जमीन राज्याची. १९९० च्या नियमांनुसार वापरहक्काची कमाल मुदत घरांसाठी ७०, उद्योगांसाठी ५० आणि व्यापारी जागांसाठी ४० वर्षे आहे. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर घर घेतलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. मुदत जमीन दिल्यापासून मोजली जाते, तुमच्या खरेदीपासून नव्हे. म्हणून जुन्या इमारतीतील गाळा घेताना उरलेली वर्षे आधी तपासावीत. २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेने घरांची मुदत आपोआप वाढण्याची तरतूद केली आहे, व्यापारी जागांना मात्र तशी हमी नाही.

प्रश्न : २०१८ मध्ये शेन्झेनची अर्थव्यवस्था हाँगकाँगहून मोठी झाली. मग तेथील ऑफिस-इमारतींचे मजले रिकामे का?

उत्तर : कारण उत्पादन वाढले म्हणजे तितक्याच प्रमाणात भाडेकरू वाढतात असे नाही. जमीनविक्रीचे उत्पन्न हा चीनमधील स्थानिक सरकारांचा मोठा आधार असल्यामुळे चियानहायसारख्या नव्या भागांत मागणीच्या पुढे जाऊन मनोरे उभे राहिले. शिवाय मोठ्या कंपन्यांनी स्वतःची मुख्यालये बांधली, भाड्याचे मजले सोडले आणि स्वतःच्या इमारतींतील उरलेले मजलेही भाड्याने काढले. जो कालपर्यंत भाडेकरू होता, तोच आज घरमालकांचा स्पर्धक झाला. त्यातच करोनाकाळ आला आणि बांधकाम व्यवसाय कोसळला. शेन्झेनमधील ५९९ मीटर उंचीचा पिंग आन मनोरा पाहून भाड्याचा अंदाज बांधू नये. त्या परिसरात येत्या दोन-तीन वर्षांत आणखी किती चौरस मीटर जागा बाजारात येणार आहे, हे आधी विचारावे.