वडिलांना जुना सोरायसिस आहे. ताप येऊन अंगभर पुवाच्या पुळ्या उठल्यात, अँटिबायोटिकने फरक नाही. नागपुरात काय करावं?

ओपीडीच्या नंबरची वाट पाहू नका, आजच मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात न्या. मेयो हॉस्पिटल किंवा मिहानचं एम्स जवळ असेल तर तिकडे.

यात पस्चुलर सोरायसिसची, म्हणजे पुवाच्या पुळ्या उठणाऱ्या सोरायसिसची शंका येते. लालभडक, दुखरी कातडी, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढुरक्या पुळ्या, त्या एकमेकींत मिसळून पुवाची थारोळी, मग पापुद्रे. हा पू जंतूंचा नसतो, पांढऱ्या पेशींचा असतो. म्हणून कल्चरमध्ये (पुवातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काही उगवत नाही अन् अँटिबायोटिक वाया जातं.

डॉक्टर आधी विचारतील की कोणतं औषध अचानक बंद केलं का. स्टेरॉइड एकदम थांबलं की हा आजार उसळू शकतो, आणि गावठी पुड्यांत ते न सांगता मिसळलेलं असू शकतं. उलट, नवीन औषध सुरू केल्यावर काही दिवसांत अगदी असंच दिसणारं ‘एजेप’ (औषधाच्या रिअ‍ॅक्शनचं पुरळ) उठू शकतं. ते औषध थांबवलं की साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणून घरातल्या सगळ्या पुड्या, पाकिटं, जुन्या चिठ्ठ्या पिशवीत भरूनच निघा. बायॉप्सीइतकीच (कातडीचा तुकडा काढून करायच्या तपासणीइतकीच) ती पिशवी कामाची!

रक्तात कॅल्शियम, किडनी, लिव्हर बघतात. औषधं म्हणजे अ‍ॅसिट्रेटिन, सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालेलं स्पेसोलिमॅब खास याच आजाराचं, पण फार महाग.

तोवर साधं व्हॅसलीन लावा. कडुलिंबाचा लेप नको, पुळ्या फोडू नका.